ठोसर सरांच्या कॅसेटचा शेवट

ठोसर सर गेले त्याच्या महिन्याभरात शाळेचे चार माजी विद्यार्थी माझ्या शिवणाच्या दुकानात आले. म्हणाले, सरांची स्मरणिका काढतोय, तुम्ही तीस वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिलात, दोन पानं लिहून द्या. मी म्हटलं, मला तो माणूस आवडत नव्हता. ते हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. चहा प्यायले, कोरे कागद ठेवले आणि गेले. तर आता लिहिते, आणि जे आहे ते लिहिते. छापायची हिंमत नसेल तर कागद परत आणून द्या. मला बाह्या बेतायला कामी येतील.

तोंडावर मी त्यांना सर म्हणायची, मनात कधी नाही. इथंही मनातलंच लिहिणार आहे, म्हणून तो म्हटलं तर रागावू नका.

आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचा. मूळचा जवळच्याच रिठद गावचा, पण बोलायचा असा की ऐकणाऱ्याला वाटावं, हा चुकून इथं उतरला आणि याची पुढची गाडी अजून लागायची आहे. शाळेत, सभेत, दुकानात छापील मराठी. राग आला की मात्र पट्कन वऱ्हाडीवर यायचा, आणि राग त्याला दिवसातून चारदा यायचा. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची गुंडी लावलेली. दुसऱ्याच्या घरी गेला की भिंतीवरची तसबीर सरळ करायचा. माझ्या दुकानात आला की काऊंटरवरच्या कैच्या ओळीनं लावायचा, आणि मग मला पाहिजे ती सापडायची नाही.

त्याचं वेड म्हणजे जुने इंग्रजी नाचगाण्याचे पिच्चर. नागपूरला शिकत असताना मॉर्निंग शोला पाहिले आणि तेच धरून बसला. पुढं अकोल्याची एक व्हिडिओ लायब्ररी बंद पडली, तेव्हा सोयाबीनच्या पोत्यात भरून कॅसेटी घेऊन एसटीनं आला. कंडक्टरनं पोत्याचं तिकीट मागितलं तर त्याच्याशी मेहकर फाट्यापर्यंत भांडला, तेही इंग्रजीतून. घरी दोन व्हीसीआर होते. एक चालायचा, दुसरा पहिल्याच्या सुट्या भागांसाठी. प्रत्येक कॅसेट त्याच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, जुन्या सुती पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेली. काकूंना कधी नवं पातळ आणलं तर मला वाटायचं, यानं कॅसेटींसाठीच आणलं असेल.

दर रविवारी चार वाजता तो पिच्चर लावायचा आणि गल्लीतल्या लोकांना बोलवायचा. बोलवायचा कसला, हजेरी घ्यायचा. चपला दाराबाहेर जोडीनं. बोलायचं नाही. कोणी खोकलं की टेप थांबवून मागं घ्यायचा आणि खोकल्याच्या आधीपासून पुन्हा लावायचा. अण्णा वाणी दम्याचा माणूस, त्याच्यापायी एक गाणं आम्ही सहा वेळा पाहिलं. पिच्चर संपला की प्रश्न. निळ्या फ्रॉकवाली रुसली का? पोरं तर सोडा, म्हाताऱ्या बायांनाही विचारायचा.

आणि त्याचं पालुपद एकच. "पाय पाहा. तोंड नका पाहू, पाय पाहा." म्हणे या पिच्चरमध्ये माणूस डोक्यापासून पायापर्यंत अख्खा दिसतो. आपल्याकडे कमरेपासून वर दाखवतात आणि खाली काय चाललंय ते देवाला माहीत. असं बोलताना त्याचा चेहरा मऊ व्हायचा, हे खोटं सांगणार नाही. पण लगेच पुढचं वाक्य असायचं, तुम्हा लोकांना काय कळणार, तुम्ही वरातीच्या बँडपुढं टॉवेल उडवणारे. मग तो मऊ चेहरा पाहिल्याचाही पस्तावा व्हायचा.

या सगळ्यात काकू कुठं, तर स्वयंपाकघरात. पहिलं गाणं संपलं की पाणी, दुसऱ्याला चहा, मध्यंतराच्या सुमाराला चिवडा. काकूंनी एकही पिच्चर बसून पाहिला नाही, पण सगळे त्यांना पाठ होते, आवाजावरून. बुटांची टकटक सुरू झाली की म्हणायच्या, आता साखर टाका, हे गाणं चहाइतकंच आहे. मी कधी म्हटलं, काकू, बाहेर बसा ना थोडं, तर म्हणायच्या, मले त्याइचं तोंड पाहून काय करायचं आहे. हे वाक्य गोऱ्यांबद्दल होतं की नवऱ्याबद्दल, मी विचारलं नाही.

एक वर्षी त्यानं शाळेच्या गॅदरिंगला तसा नाच बसवायचा ठरवलं. बारा पोरंपोरी. बुटांना आवाज यावा म्हणून सोडावॉटरच्या बाटल्यांचे बिल्ले कॅनव्हासच्या बुटांना खिळ्यांनी ठोकले. कोट माझ्याकडे. मागं दोन शेपट्या असलेला कोट मी जन्मात पाहिला नव्हता. त्यानं खडूनं माझ्या फरशीवर काढून दाखवला. अस्तराच्या काळ्या कापडाचे बारा कोट मी आठ दिवसांत शिवले, पोरगी पल्लवी तेव्हा पोटात. गॅदरिंगच्या दिवशी स्टेजला टेंटवाल्यानं आणलेले तखत जोडलेले. पोरं नाचायला लागली, आवाज खरंच छान निघाला, लोक टाळ्या वाजवायला लागले. अन् दोन तखतांच्या फटीत एका पोरीचा बिल्ला अडकला. ती पडली, तिच्यावर दुसरी. लोक हसले. हसणारच. यानं टेप बंद केला, माइक घेतला आणि भर सभेत त्या पोरांना म्हणाला, तुमची लायकी वरातीतच नाचायची आहे. मग माझ्याकडे बोट केलं. म्हणाला, आणि कोटाच्या शेपट्या बैलाच्या झाल्यात.

सगळं गाव हसलं. मी पोट धरून घरी आले. माझे आठ दिवस गेले, त्याचं काही नाही. पण ती पडलेली पोरगी स्टेजवर बसूनच बिल्ला सोडवत होती, आणि तिला उठवायला हा गेला नाही, हेडमास्तर गेले. मी त्या दिवशीपासून त्याच्या रविवारी जाणं बंद केलं.

आता मुख्य गोष्ट सांगते.

माझं माहेर धनज. व्हिडिओ शूटिंग झालेलं गावातलं पहिलं लग्न माझं. शूटिंगवाल्यानं कॅसेट दिली तेव्हा तिच्या पाठीवरचा प्लास्टिकचा लहानसा तुकडा माझ्यादेखत मोडला. म्हणाला, ताई, हा मोडला की कॅसेटवर दुसरं काहीच भरता येत नाही, आता हे जन्मभर राहील. माझ्याकडे व्हीसीआर नव्हता. म्हणून लग्न झाल्यावर ती कॅसेट सरांच्या कपाटातच राहायची, वर माझं नाव घालून. पाहुणे आले की तिथं जाऊन पाहायची. गल्लीतल्या चौघांच्या लग्नाच्या कॅसेटी तिथंच होत्या. तशी रीतच पडली होती.

पल्लवी तीन वर्षांची असताना आई आली. म्हणाली, जावयाच्या आत्याबाई आल्या आहेत, त्यांना लग्न दाखवू. माझं सरांशी बोलणं बंद होतं, पण आईसाठी गेले. सगळ्या बसलो. कॅसेट लागली. अन् पडद्यावर अक्षतांऐवजी एक गोरा हातात ट्रे घेऊन टेबलांवरून नाचत चालला.

मी कॅसेट काढून पाहिली. माझंच नाव. आणि मोडलेल्या तुकड्याच्या जागी, त्या भोकावर, नीट कापून लावलेली चिकटपट्टी. भोक बुजवलं की कॅसेटवर पुन्हा भरता येतं.

म्हणे चुकून झालं. एका रविवारी दुपारी केबलवर पिच्चर लागला, नावांच्या पहिल्या पाट्या निघूनही गेल्या होत्या, घरात कोरी कॅसेट नव्हती, कोरी मिळायची ती अकोल्याला. घाईत हाताला लागली ती घातली. मी विचारलं, घाईत चिकटपट्टी कशी लागते? कैचीनं कापलेली आहे, मी कैचीवर पोट भरते, मला कळतं. तर भडकून वऱ्हाडीवर आला. म्हणाला, लग्नाची कॅसेट कोण पाह्यते दोन वर्षांनंतर, साऱ्याइचे लग्नं सारखेच असतात.

मी भांडायला उभी राहिले तर आईनंच मला खाली ओढलं. आई हसत होती. म्हणाली, "जाऊ दे बाई. मी काय मेली का? तुह्यापुढंच त बसेल आहो."

मी ती कॅसेट त्याच्या अंगावर फेकली. म्हटलं, ठेवा तुमचा नाच. ही माझी चूक, ती मी लिहून ठेवते.

बारा वर्षांपूर्वी आई गेली. फोटो तीन, तेही राशनकार्डासारखे, ताठ बसलेले. चालणारी, बोलणारी आई कुठंच नव्हती. तेराव्यानंतर काकू माझ्याकडे आल्या, दुकानात स्टुलावर बसल्या, आणि पदराशी चाळा करत म्हणाल्या, "सुनंदा, तो ट्रेवाला पिच्चर आहे ना, त्याच्या शेवटी एक बाई आपल्या बोलीत बोलते ओ. मी सयपाकघरातून ऐकतो दरवेळी. मले वाटते तुही माय आहे."

मशीन तसंच चालू ठेवून मी पळत गेले.

झालं असं होतं की पिच्चर रेकॉर्ड होत असताना, अगदी शेवट यायच्या वेळी, लाइट गेली. रेकॉर्डिंग तिथंच थांबलं. त्याच्याखालचं माझ्या लग्नाचं तेवढं शिल्लक राहिलं, पाठवणीचे शेवटचे अकरा सेकंद. म्हणजे त्याच्या पिच्चरला शेवट नव्हता, आणि माझ्या लग्नाला शेवटाशिवाय काही उरलं नव्हतं.

मी विचारलं, सर, तुम्हाला हे इतकी वर्षं माहीत होतं? खाली पाहून म्हणाला, होतं. मग सांगितलं का नाही? म्हणाला, तू कॅसेट नेली असतीस.

असा माणूस. माझी आई जाऊन चौदा दिवस झालेले, आणि याला कॅसेटची पडलेली.

दाखवा म्हटलं, तर म्हणे पुढं पळवता येणार नाही. टेप जुना झालाय, पळवला तर मशीन खाऊन टाकेल. पाहायचं तर पहिल्यापासून. मला वाटलं हा सूड घेतोय. पण त्याच्यापुढं इलाज नव्हता. दोन तास मी तो नाच पाहिला, डोळे पुसत, दात खात. बोटीवरचा एक वाढपी आणि टोप्यांच्या दुकानातली एक मुलगी, त्यांचं जमतं, बिघडतं, पुन्हा जमतं. शेवटी ती बोटीवर चढते, हा खाली धक्क्यावर धावत येतो, गाण्यासाठी तोंड उघडतो, आडव्या रेघा येतात, अन् माझी आई.

हिरवं लुगडं. कॅमेऱ्याचा दिवा डोळ्यांवर आला म्हणून हात आडवा धरलेला. म्हणते, "मले काहून घेऊन राह्यला रे बाप्पा? पोरीले घे ना." मग पडद्यावर नुसत्या मुंग्या.

त्यानंतर मी वर्षातून तीन-चारदा जायला लागले. आईच्या तिथीला, दिवाळीत, आणि उगीच कधी. दरवेळी पूर्ण दोन तास. तो बाजूला बसून सांगायचाच, आता याचे पाय पाहा, एकाही जागी कापलेलं नाही, सलग नाचलाय. मी म्हणायची, मला तुमच्या वाढप्याशी घेणंदेणं नाही. फ्रॉकचे घेर मात्र पाहायची. तेवढं माझं काम आहे.

एकदा, माझी आई येऊन गेल्यावर, तो म्हणाला, तू दरवेळी तिचं तोंड पाहतेस. पाय पाहा. मी चिडले. पण पुढच्या वेळी पाहिले. आई पोरीले घे ना म्हणते, आणि पाय दोन पावलं पुढं येतात, जिथं माझी जीप उभी असणार तिकडं, आणि एक पाऊल मागं जातात. पुन्हा एक पुढं. पायात चप्पल नाही. तोंडानं कॅमेरावाल्याला हाकलत होती आणि पाय माझ्यामागं निघाले होते. मी भिंतीला टेकून रडले. आई माझी, आणि तिचे पाय आधी त्यानं पाहिले. याचा राग आजही गेलेला नाही.

त्याचीही एक खोड होती. मुंग्या सुरू झाल्या की दरवेळी विचारायचा, ती उतरली असेल का बोटीवरून? पहिल्या पाट्या हुकल्यामुळं पिच्चरचं नाव त्याला माहीत नव्हतं. पोत्यातल्या सगळ्या कॅसेटी झाल्या, अकोल्याच्या, नागपूरच्या दुकानांत विचारून झालं. मोबाइलला हात लावायचा नाही. म्हणायचा, त्याच्यात माणूस अंगठ्याएवढा दिसतो, पाय कुठं शोधायचे.

चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. त्या वर्षी पल्लवी पुण्याहून दिवाळीला आली तेव्हा माझ्यासोबत बसली. तिनं आजीचे अकरा सेकंद फोनात धरून घेतले, आणि एक गाणंही. आठ दिवसांनी तिचा फोन, मम्मी, सापडला तो पिच्चर, अख्खा आहे, शेवटासकट. पाठवला. मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि शेवटची चार मिनिटं पाहिली.

पल्लवी म्हणाली, सरांना दाखव. मी म्हटलं, सांगशील तर माझ्याशी गाठ आहे.

आता फोनात आई होती. पाहिजे तेव्हा पाहावी. पाहिलीही. बोट लावलं की येते, पुरती दिसायच्या आत जाते. दोन तास वाट पाहून येणारी आई वेगळी होती. म्हणून मी त्याच्याकडे जातच राहिले. काकू नव्हत्या, तर चहाही मीच टाकायची, दुसऱ्या गाण्याला. आणि दरवेळी तो विचारायचा, उतरली असेल का? आणि दरवेळी मी म्हणायची, मला काय माहीत. फोन पिशवीत असायचा. चार वर्षं.

या पोळ्याच्या आधी शेवटची गेले. डोळ्यांचं ऑपरेशन बिघडलेलं, त्याला आता पडद्यावर नुसता उजेड कळायचा. म्हणाला, तू सांगत जा काय चाललंय. मी, जिला तो पिच्चर डोळ्यांपुढं नको होता, दोन तास सांगत होते. आता ट्रे घेतला. आता टेबलावर चढला. आता डावा पाय. आता तिच्या फ्रॉकचा घेर फुलला, सहा कळ्यांचा असेल. तो मांडीवर बोटांनी ठेका धरून होता, एकदाही चुकला नाही. आई आली. तिचं वाक्य तिच्यासोबत तोही पुटपुटला, अगदी तिच्या हेलात. मला त्याला हात धरून थांबवावंसं वाटलं.

मुंग्या सुरू झाल्या. कॅसेट बाहेर आली. त्यानं ती हातात घेतली, अंगठा पाठीवरून फिरवला, चिकटपट्टीवर थांबवला.

"मीच लावली होती, सुनंदा. नाव वाचून लावली. तुह्यं लग्न आहे माहीत होतं मले. नाच सुटून राह्यला होता."

मी म्हटलं, माहीत आहे.

"घेऊन जा आता. मले दिसत नाही."

कॅसेट माझ्या हातात दिली. हवी ती गोष्ट पंचवीस वर्षांनी हातात आली. फोन बाहेर काढला, पिच्चर लावलाही, शेवटाशी आणला. नुसता फोनचा आवाज कानाशी धरला असता तरी त्याला कळलं असतं. मग ती पट्टी पाहिली. कडा अजून सरळ होत्या, एवढी नीट कापलेली. फोन बंद केला, पिशवीत टाकला आणि उठले.

चपला घालत होते तेव्हा तो भिंत धरत खिडकीशी आला. शर्टाच्या बाह्या पूर्ण, गुंडी लावलेली. मी ज्या बाजूला होते त्याच्या दुसऱ्याच बाजूला पाहून त्यानं विचारलं, "उतरली असंल का ओ ती?"

मी म्हटलं, मला काय माहीत, सर. आणि गल्ली ओलांडून समोरच्या माझ्या दुकानात आले. मागं वळून पाहिलं तर तो अजून खिडकीत, हात गजांवर, बोटं ठेका धरून चाललेली.

पुढच्या सोमवारी गेला. वाईट वाटतं का म्हणाल तर वाटतं, आणि असं वाटायला लावल्याबद्दल त्याचा आणखी राग येतो. चार मिनिटांचं काम होतं. त्यानं माझ्या लग्नाचे दोन तास पुसले, मी त्याच्या शेवटाची चार मिनिटं दाबून ठेवली. माझी आई असती तर जाऊ दे बाई म्हणाली असती. मी आईसारखी नाही.

उतरली होती, सर. शिडी काढायच्या आधीच.